सावलीत वाळवलेली कॅसेट

माझ्या साडूइतका हट्टी माणूस तासगाव तालुक्यात दुसरा झाला नाही. आणि हे मी सांगतोय, ज्याला चौथीच्या मास्तरांनी हट्टापायीच घरी धाडलं होतं. साडूनं वीस वर्षं कोचीनला सोनं गाळायचं काम केलं आणि गावी येताना आणलं काय, तर एक कॅसेट. बोटीवरच्या कुणा खलाशानं दिलेली. वर दलदलीतल्या सुसरीचं चित्र, आत इंग्रजी गाणी. इंग्रजी ना त्याला येत होतं ना मला. तरी पाहुण्याला चहाआधी एक गाणं ऐकावंच लागे. पोरगी बघायला आलेल्यांनाही त्यानं सोडलं नाही. "कळलं न्हाई तर न्हाई, पाय हालतोय का बगा," म्हणाला. नवऱ्या मुलाच्या बापाचा पाय खरंच हलत होता.

आमच्या बेदाण्याच्या शेडवर तर ती दिवसभर वाजायची. चिखलातून बैलानं पाय उपसावा तशी गिटार ओढत यायची, गाणारा घसा खरवडून गायचा, आणि मागं ढोल विहिरीवरच्या इंजिनासारखा एका लयीत. मी भजनात पखवाज वाजवणारा. "ह्याला गाणं म्हणत्यात व्हय?" मी विचारायचो. "साडू, आवाज जाड व्हाया तुमी पखवाजाला कणीक लावताय, ह्या गड्यानं गळ्यालाच लावलीया," तो म्हणायचा. द्राक्षं पसरणाऱ्या बाया आधी तोंडाला पदर लावून हसल्या, पुढं पुढं कॅसेट थांबली की त्यांचे हातही थांबायला लागले. एक म्हातारी म्हणाली, "आपल्याकडं चिखल बगायला मिळंना, अन् ह्यो बाबा चिखलात बसून रडतोय. लय बरं वाटतंय गं."

मला ते सोसेना. एक दिवस मी माझी भजनाची कॅसेट घेऊन गेलो आणि बटण दाबून त्याची बाहेर काढली. "एवढं गाणं हू द्या," तो म्हणाला. मी देईना. ओढाओढीत कॅसेट उडाली ती द्राक्षं बुडवायच्या तेलकट पाण्याच्या टाकीत. तसली दुसरी कुठं मिळायची नव्हती. दुकानदाराला सांगायला आम्हांला नावसुद्धा वाचता येत नव्हतं.

साडूनं कोपरापर्यंत हात घालून ती काढली, स्क्रू खोलले, सगळी फीत उलगडून धुतली आणि बेदाण्याच्या जाळ्यांवर पसरली. कुणीतरी म्हणालं, उन्हात टाका. "बेदाण्यावानी उन्हात काळी पडंल!" तो ओरडला. फीत मुळातच काळी होती, पण बोलतो कोण? चार दिवस तो माझ्याशी चकार शब्द बोलला नाही. मीही नाही. फक्त रोज जाऊन वाऱ्याच्या बाजूला पोत्याचा पडदा धरून बसायचो. एकदा वावटळ उठली तेव्हा दोघं जाळीवर आडवे पडलो, तरी बोललो नाही.

पाचव्या दिवशी त्यानं पेन्सिलीनं फीत गुंडाळली आणि लावली. नुसती खरखर. त्याच्या कपाळावर घाम. मग आवाज आला, पाण्याखालून यावा तसा. तिसऱ्या गाण्यात मात्र मध्येच सगळं बुडालं.

"हे माझ्यामुळं गेलं," मी म्हणालो. जन्मात एवढीच माफी मागितली असेल.

साडूनं टेपचा आवाज वाढवला. "जाऊ द्या, साडू. दलदलीतलं गाणं हाय. थोडं बुडायचंच."

त्याला जाऊन दोन उन्हाळे झाले. मेहुणीनं कॅसेट मला दिली. साडू होता तोवर ती बुडालेली जागा आली की आम्ही दोघं गप्प बसायचो. आता एकटाच बसतो.