थांबलेला वेळ

वेळ मोजून मोजून माणूस किती निकामी होऊ शकतो हे ज्याला पाहायचं असेल, त्याने आमच्या मेहुण्याला पाहावं. अमरावतीचा हा हुशार पोरगा मुंबईला कॉम्प्युटरवर नोकरीला लागला, आणि माझ्या अख्ख्या सासुरवाडीची झोप उडाली. तेव्हा आमच्या वऱ्हाडात ते यंत्र कुणी पाहिलंही नव्हतं. त्याचं काम काय, तर प्रोग्राम सुरू होताना घड्याळ बघायचं, संपताना बघायचं आणि वजाबाकी करायची. मी म्हटलं, हे तर शाळेचा शिपाईही करेल. तर म्हणे, "तसं नाही, भाऊजी. यंत्र मधेमधे वाट पाहत थांबतं. तो वेळ धरायचा नाही. काम चाललं तेवढाच वेळ खरा."

एवढ्यावर गप्प बसला असता तर तो आमचा मेहुणा कसला. एकदा त्याला अकोल्याला आमच्याकडे जेवायला बोलावलं. त्याच्या बहिणीनं केलेल्या पुरणपोळ्या गारढोण झाल्यावर, दिवेलागणीला महाशय उगवले. वर म्हणतात, "मी वेळेवरच आहे. मूर्तिजापूरला एस.टी. बिघडून उभी होती, तेवढं वजा करा." आम्ही उपाशी बसलो होतो तेही त्याने वजाच केलं असावं.

कहर केला तो वडिलांच्या बाबतीत. माझे सासरे संस्कृतचे निवृत्त मास्तर, सासूबाई गेल्यापासून एकटे. पोरगा दिवाळीला चार दिवस येतो, त्या आशेवर त्यांचं वर्ष निघायचं. या शहाण्यानं तेही मोजलं. मला म्हणाला, "बाबा सगळं मिळून तासभर बोलतात. बाकी वेळ नुसते जवळ बसतात. त्यासाठी चार दिवस कशाला?" आणि पुढच्या दिवाळीला, ऑफिसच्या कामासाठी नागपूरला जाताना, त्यानं बापाला खरोखरच बडनेऱ्याच्या फलाटावर बोलावलं. एका गाडीतून उतरायचं, तासाभरानं दुसरी पकडायची. मी सासऱ्यांना घेऊन गेलो, तो त्याला चार शब्द सुनावायच्या तयारीनंच.

सासऱ्यांनी तब्येत विचारली, नोकरी विचारली, आणि बोलणं संपलं. मग पिशवीतून संत्रं काढून ते एकेक फोड मुलाच्या हातावर ठेवू लागले, वरचे पांढरे दोरे नीट काढून. मेहुण्यानं सवयीनं घड्याळ पाहिलं.

"मले आता काई बोलाचं नाई," सासरे शांतपणे म्हणाले. "तुई गाडी येईपर्यंत नुसता बसतो. हा वेळ तू धरत नसशीन ना?"

गाडी आली, उभी राहिली, गेली. मेहुणा बाकावरून उठला नाही. मी सुनावायचे शब्द तसेच गिळले.

आम्ही तिघं टांग्यानं अमरावतीला घरी आलो, वाटभर ते दोघं नुसते जवळ बसून होते. पुढच्या दिवाळीला सासरे नव्हते. मेहुणा अजून मला अधूनमधून म्हणतो, "भाऊजी, तो टांगा जरा हळू जायला हवा होता."