तळीचा पाचवा हात

देवाजवळ रोज दिवा लावत होते, पण पलीकडे कोणी ऐकत असेल असे मला वाटेनासे झाले होते. नातवंडांनो, तुमचा विनूकाका तेव्हा पाच वर्षांचा होता. तुम्ही ज्याला ऑटिझम म्हणता, तो शब्द एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत आमच्यापर्यंत पोचलेला नव्हता, इंग्रजी वाचणाऱ्या माझ्यापर्यंतही नाही. एवढेच कळत होते की विनू बोलत नाही, कोणी हात लावलेला त्याला सोसत नाही, आणि रोजच्यापेक्षा काही वेगळे घडले की त्याचा जीव कासावीस होतो. नवी चादर अंथरली तर तो जमिनीवर झोपे. पितळेचे ताट किंवा झाकण हाती आले, की मात्र ते फिरवत कितीतरी वेळ शांत बसे. नातेवाइकांनी अंगारे सुचवले, डॉक्टरांनी टॉनिक दिले. मी दोन्ही केले, आणि आतून कोरडी होत गेले.

तुमचे आजोबा साखर कारखान्यात केमिस्ट होते. वालचंदनगरच्या ज्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो, तिच्या कुंपणापाशीच उसाचा फड सुरू होई. विनूला त्या पानांतून हात फिरवत चालायला आवडे. एके दिवशी तसाच चालताना उसाचे पाते त्याच्या उजव्या डोळ्यात गेले. तुम्ही ऊस तोडलेला पाहिला नसेल. त्या पात्याच्या कडा करवतीसारख्या असतात. बारामतीहून डॉक्टर आले. त्यांनी डोळा धुऊन पट्टी बांधली आणि मला बाजूला घेऊन सांगितले, की बुबुळ चिरले आहे, शस्त्रक्रिया मुंबईलाच होईल, उशीर केलात तर या डोळ्याची आशा धरू नका. पट्टीला मात्र त्याचा हात लागू देऊ नका.

आम्ही लगेच जीपने निघालो. पण जीप विनूच्या ओळखीची नव्हती. खड्ड्यांत ती उसळू लागली तसा तो किंचाळला, पट्टी ओरबाडू लागला. झोपेचे औषध दिले, तेही उलटून पडले. बारामती यायच्या आतच गाडी मागे वळवावी लागली, नाहीतर मुंबईला पोचेपर्यंत डोळ्यात वाचवण्यासारखे काही उरले नसते.

कारखान्याच्या पाहुण्यांना घेऊन कधीमधी एक लहान विमान येत असे. शेजारच्या अंथुर्णे गावाच्या बाजूला जमीन सपाट करून त्याच्यासाठी धावपट्टी केलेली होती. सुदैवाने ते विमान दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला परत जाणार होते आणि त्यात दोन जागा मिळाल्या. जीपमध्ये शांत न बसलेले मूल विमानात कसे बसणार, ही शंका आम्हा दोघांच्याही मनात होती.

सकाळी विमान पाहताच विनूने जमिनीवर बसकण मारली. पायलट तरुण पंजाबी होता, स्वभावाने चांगला. त्याने स्वच्छ सांगितले, की जबरदस्तीने उचलून आणलेले मूल वर हातपाय झाडू लागले तर सगळ्यांनाच धोका आहे. ते आपणहून बसले तरच नेईन. आतले पाहुणे घड्याळ पाहू लागले. मी गुळाचा खडा दाखवला, हळू आवाजात समजावले, रोजचे स्तोत्र म्हटले. विनू मान खाली घालून डुलत राहिला. मग मला काही सुचेना. माझ्या मनात प्रार्थनासुद्धा आली नाही. मी त्याच्या शेजारी मातीत बसले, एवढेच.

विमान पाहायला अंथुर्ण्याची माणसे जमली होती. त्यांच्यातून कपाळावर भंडारा लावलेला एक म्हातारा शेतकरी पुढे आला. धावपट्टीला लागून त्याचे वांग्यांचे शेत होते. रविवार होता, आणि त्याच्या हातात खंडोबाच्या तळीचे पितळी ताट होते: मधे खोबऱ्याची वाटी, भोवती हळदीचा भंडारा.

"बाई, लेकरू पैल्यांदा शिवंभाईर चाललंय न्हवं?" तो म्हणाला. "तळी उचलल्याबिगर कसं धाडायचं?"

"आबा, इमानाला बी वाईच पेंड चारा की," मागून कोणीतरी म्हणाले.

"चारतो. तू जू धर बैलावानी," म्हातारा मागे न पाहता म्हणाला, आणि सगळे हसले.

तळी पाच जणांनी उचलायची असते. आबांनी तिघांना बोलावले आणि चौघे जण विनूसमोर उकिडवे बसले. एकाने भंडारा उधळायला मूठ भरली, तर आबांनी त्याचा हात धरला. "उधळू नगंस. डोळा दुखतोय त्येचा. आन् वरडायचं बी न्हाय." मग चौघांनी ताट धरले, विनूच्या बाजूची कड मोकळी ठेवून. आबांनी त्याला बोलावले नाही, त्याच्याकडे पाहिलेही नाही.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. विनूचे डुलणे थांबले. त्याने हात पुढे केला आणि ती कड धरली.

तीनदा तळी उचलली गेली, येळकोट कुजबुजत म्हटला गेला. मग रीतीप्रमाणे ताट खाली ठेवायचे, पण विनू सोडेना. आबांनी ओढले नाही. ताट धरूनच ते उठले, विमानाकडे चालू लागले आणि विनू कडेला हात लावून त्यांच्याबरोबर चालत गेला. दोघे शिडी चढले. विनू खिडकीशी बसला, तेव्हा आबांनी खोबरे-भंडारा धोतराच्या सोग्यात घेतला आणि आपला हात काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या ताट त्येच्यापाशी," ते मला म्हणाले.

इंजिन सुरू झाले तसे मांडीवरचे ताट थरथरू लागले. विनूने दोन्ही तळवे त्यावर टेकले आणि मुंबई येईपर्यंत उचलले नाहीत. पट्टीला त्याचा हात लागला नाही. खाली नीरा नदी चांदीच्या तारेएवढी झाली, उसाचे फड मागे पडले, आणि वर्षानुवर्षे जे ओझे मी एकटीच ओढत होते ते माझ्या हातातून सुटले. डोळा राहो की जावो, मी देवाला म्हणाले, आता तू पाहा.

डोळा राहिला. परत आल्यावर आम्ही ताट द्यायला गेलो. आबा वांग्यांना पाणी देत होते. मी त्यांना वाकून नमस्कार केला तर ते संकोचून मागे सरले. "म्या काय केलं, बाई? ताटाला पाचवा हात पायजे व्हता. त्येनं दिला."

कोणी म्हणेल, पोराला पितळेचे ताट दिसले म्हणून ते गेले. असेलही. पण माझे सगळे उपाय संपल्यावरच ते ताट समोर आले, आणि ज्याने ते धरले होते त्याला थांबायचे कसे हे ठाऊक होते. त्यानंतर मी देवाकडे काही मागितले नाही असे नाही. मागून झाले की थांबायला शिकले.

आज माझी नजर मंद झाली आहे. हे लिहीत असताना विनू समोर तांदूळ निवडत बसला आहे. मला न दिसणारे खडे तो एकेक वेचून माझ्या तळहातावर ठेवतो आहे.