वडाखालचा राखणदार

"इथे खण," साहेब वडाखालची जागा दाखवत म्हणाले. मी कुदळ उचलली आणि तशीच खाली ठेवली.

एकोणीसशे तीस सालाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा रत्नागिरीत माळ्याच्या नोकरीला अर्ज-बिर्ज नसे. ओळखीचा कुणी बंगल्यावर नाव सांगे, मग एक दिवस ट्रायल. खड्डे खणायचे, माती-खत कालवायचं. हात पसंत पडला तर ठेवायचे, नाहीतर वाटेला लावायचे. मी संगमेश्वराकडून चालत आलो होतो. इथे जमलं नसतं तर मुंबईची गिरणी चुकत नव्हती, आणि तिची मला धास्ती होती.

साहेब सरकारी इंजिनियर. घाटावरचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांना वडाखाली फुलझाडांचे वाफे हवे होते.

"साहेब," मी म्हटलं, "राखणदाराला इचारल्याबिगर हितं कुदळ नाय मारायची."

आमच्याकडे राखणदार म्हणजे जागा राखणारी शक्ती. दिसत नाही, पण असते. नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे परवानगी मागायची, मगच जमीन उकरायची. हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक. साहेबांनाही असणार, असं मी धरून चाललो.

"राखणदार आहे इथे? मला कुणी बोललं नाही. केव्हापासून आहे?"

"बंगल्याच्या आदीपासून असनार."

"म्हणजे बराच म्हातारा. ड्युटी करतो ना?"

ड्युटी? मी जरा गोंधळलो. "रातचा फिरतो, साहेब. काठी आपटत."

"छान. घेतो काय?"

"वर्साला येक कोंबडा. आनि नारळ."

"बस्स?" साहेबांच्या भुवया वर गेल्या.

शिकल्यासवरल्या माणसाची राखणदाराबद्दल एवढी आस्था बघून मला भरून आलं. पण काहीतरी जुळत नव्हतं. भाविक माणूस हात जोडतो, हे तर पँटच्या खिशात हात घालून उभे.

"बागेतलं कळतं का त्याला?"

"त्याला नाय कळनार तर कुनाला? समदी जमीन त्याचीच."

"मग बागही त्यालाच सांगू," साहेब म्हणाले. "कोंबड्यावर भागत असेल तर तुला पगार कशाला?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. नोकरी माणसाने पळवली तर चार शिव्या घालता येतात. राखणदाराशी कोण भांडणार? तेही त्याच्याच झाडाखाली उभं राहून! आधी मनातल्या मनात त्याची माफी मागितली, मग हळूच म्हटलं, "तो कुदळीला हात लावत नाय, साहेब. त्याचा मान हाय."

"आळशी आहे म्हण ना!"

मी कानाच्या पाळ्या धरल्या. "असं बोलू नका. ऐकतोय तो."

साहेबांनी गर्रकन मागे बघितलं. "कुठाय?"

"हितंच."

साहेब वडाला पूर्ण फेरी घालून आले. मला वाटलं, चूक कळली, प्रदक्षिणा घालतायत. मीही हात जोडून त्यांच्या मागोमाग एक घातली.

"सापडत नाही," ते घाम पुसत म्हणाले. "असा कामचुकार माणूस बागेला नको. तू माळी. तो रात्रीचं बघेल. त्याला विचार आणि खण."

नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि खणायला लागलो. नोकरी लागली होती, पण कशी ते कळत नव्हतं.

ते कळलं पावसाळ्यात. साहेबांनी माझ्या हातात एक नवी छत्री दिली. "राखणदाराला दे. म्हातारा माणूस, रात्री भिजत असेल." माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! पण खरं सांगितलं तर फसवलं म्हणून मलाच हाकलतील, या भीतीने गप्प बसलो. छत्री वडाला टेकवून ठेवली. स्वतः डोक्यावर धरायची छाती नव्हती.

साहेबांची ट्रान्सफर झाली, तेव्हा चार्ज घ्यायला आलेल्या नव्या साहेबांना त्यांनी बाग दाखवली. "हा धाकू, माळी. शिवाय वडाखाली एक राखणदार आहे. मला कधी तोंड दाखवलं नाही, पण इतक्या वर्षांत बंगल्यात चोरी नाही."

नवे साहेब रत्नागिरीचेच. त्यांनी पायातले बूट काढले आणि वडाकडे वळून नमस्कार केला.

जुने साहेब एकदा त्यांच्याकडे, एकदा वडाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मी झारी उचलली आणि विहिरीकडे निघालो.

माळी व्हायचं तर हात चांगला हवाच. पण साहेब कुठल्या मुलखातला, हेही आधी विचारून घ्यावं म्हणतात. मी विचारलं नव्हतं, म्हणून नोकरीला लागलो.