एकतीस नंबरच्या रंगाखाली

पेंटरकाकांना नावाने हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं. वहिनी त्यांना भावजी म्हणत, बाकी सगळे काका. लष्करी विमानतळाच्या वर्कशॉपमध्ये ते अठराव्या वर्षी लागले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर पडले. मधली चाळीस वर्षं विमानांवर आकडे, पट्टे आणि ‘इथे पाय ठेवू नये’ अशा सूचना रंगवण्यात गेली. हात असा बसलेला, की स्टेन्सिल हरवलं तरी काम अडत नसे.

त्यांचे थोरले बंधू त्याच तळावर गनर होते. सतरा नंबरच्या बॉम्बफेक्या विमानात अगदी शेपटाशी, काचेच्या खोपटात बसायचे. विमान मोहिमेवरून परतलं, की वैमानिकाच्या खिडकीखाली काका एक छोटा पांढरा बॉम्ब रंगवत. मोहीम एक, बॉम्ब एक. अकरावा रंगवताना दादाने खालून शिडी हलवली आणि बॉम्ब तिरका आला. पुसू दिला नाही. म्हणाला, आमचा नेमही असाच आहे, राहू दे.

बाराव्या मोहिमेहून विमान परतलं, पण दादा खोपटातून उतरला नाही.

तळावर एक रीत होती, कुठल्याही कागदावर नसलेली. ज्या विमानाने मेलेला माणूस घरी आणला, त्यात पुढचे लोक बसायला कचरायचे. म्हणून पेंटर गुपचूप त्याचा रंग बदलत, नंबर बदलत, आणि कोणतं ते कुणाला सांगत नसत. दादाला पोचवून चार दिवसांनी काका कामावर आले, तेव्हा शेडमध्ये ताज्या हिरव्या रंगाची दोन विमानं उभी होती, एकतीस आणि चाळीस. त्यातलं एक सतरा होतं. दुसरं कुठल्या तरी सरावतळावरून आलं होतं. रंग देणारा जोडीदार काकांच्या ताटात जेवायचा, पण एवढं एक तो बोलला नाही, आणि पुढे न बोलताच गेला.

काकांनी स्वतःच ठरवून टाकलं. एकतीसच्या शेपटाला सात-आठ ठिगळं होती, गोळ्यांच्या भोकांवर मारलेली. म्हणजे सतरा हेच. ती दोन्ही विमानं मोहिमेवर जायच्या आतच युद्ध संपलं, चाळीस मोडीत गेलं आणि एकतीस तांत्रिक शाळेच्या आवारात चौथऱ्यावर चढलं. तेव्हा काका वहिनींना घेऊन गेले, एकतीस-चाळीसची हकीकत सांगितली आणि ठिगळं दाखवली. वहिनींनी शेपटाला हात लावला. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं दर गुरुवारी त्या येत राहिल्या. पंखाखालच्या बाकावर बसायच्या, स्वेटर विणायच्या, निघताना शेपटाला हात लावायच्या. रंग खरवडून बघावा असं काकांना कधी वाटलं नाही. खरं म्हणजे धीर झाला नाही.

यंदा शाळेची नवी इमारत निघाली आणि विमान आडवं आलं. ते प्रत्यक्ष लढाईवर गेलेलं असेल तर संग्रहालय नेईल, नाहीतर भंगारात, असं ठरलं. तपासायला संग्रहालयाच्या एक तरुण मॅडम आल्या. त्यांनी काकांना बोलावलं, आणि काकांनी वहिनींना. वहिनी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. आज एकदाचं तुमच्या दादाचं नाव पाटीवर लागेल, असं त्या वाटेत दोनदा म्हणाल्या.

काका शिडीवर चढले आणि खिडकीखाली पाणी मारून पॉलिशपेपर फिरवू लागले. वर शाळेने दिलेला चंदेरी रंग होता, त्याखाली हिरवा. काका हलक्या हाताने घासत होते, पांढरं काही दिसतंय का ते बघत. हिरव्याखालून पिवळं निघालं. मग काळं. मग परत पिवळं.

तिरपे पिवळे-काळे पट्टे एकाच कामाच्या विमानावर असत. मागे लांब दोरीला कापडी निशाण बांधून ते उडायचं, आणि शिकाऊ गनर दुसऱ्या विमानातून त्यावर नेम धरायचे. नवशिक्यांनी चुकून आपल्यालाच पाडू नये म्हणून असा भडक रंग. वर्कशॉपमध्ये त्याला ‘ओढणीवाली’ म्हणून हसायचे. सगळ्यांत जास्त काकाच हसले होते. शेपटाची ठिगळं शत्रूची नव्हती. ती शिकाऊ पोरांच्या चुकलेल्या नेमाची होती.

ते खाली उतरले आणि दाराशी घासलं, मग पंखाच्या मुळाशी, मग शेपटाशी. सगळीकडे पिवळं-काळं. बोटांची सालं निघाली तरी ते थांबेनात. मॅडम जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, की तुमचा शब्द प्रमाण धरून मी ‘बहुधा सतरा’ असं लिहू शकते. काकांनी एकदा बाकाकडे पाहिलं.

“नको,” ते म्हणाले. “हे कधीच लढाईवर गेलेलं नाही. निशाण ओढायचं.”

वहिनी केव्हा उठून मागे आल्या, ते कळलं नाही.

“भावजी, पुरे करा. हात बघा तुमचे.” मग पट्ट्यांकडे बघत, “म्हणजे ते चाळीसमध्ये होते?”

“हो.”

“आणि चाळीस मोडीत गेलं.”

“हो.”

“कुणी घातलं मोडीत?”

हुकूम वरून आला होता, असं सांगता आलं असतं. पण मोडीत जाणाऱ्या विमानावर लाल फुली मारायची असे, आणि ते काम पेंटरचं. त्या दिवशी जेवणाची सुट्टी व्हायला आली होती, म्हणून काकांनी चाळीसवर भराभर दोन पट्टे ओढले होते.

“फुली मी मारली, वहिनी.”

“कुठे मारली?”

“खिडकीखाली. तिथेच मारायची असते.” आणि बोलता बोलताच त्यांना उमगलं, की त्या हिरव्या रंगाखाली तेव्हा दहा सरळ बॉम्ब होते आणि एक तिरका.

वहिनींनी बाकावरून पिशवी उचलली, विणकाम आत कोंबलं. शेपटाजवळून जाताना सवयीने हात उचलला गेला, तो त्यांनी मागे घेतला आणि फाटकाकडे चालू लागल्या. काका चार पावलं मागून निघाले. बरोबरीने चालायचा त्यांना धीर झाला नाही.

सोमवारी भंगारवाले आले. विमान कुठे कापायचं ते त्यांना समजेना, म्हणून शाळेच्या शिपायाने काकांना बोलावून नेलं. काकांनी खडू घेतला आणि शेपटापाशी, जिथे पत्र्याचा जोड होता तिथे, रेघ मारली. रेघ सरळ आली. गुरुवारी ते वहिनींकडे गेले, तर दाराला आतून कडी होती. आत सुया एकमेकींवर आपटल्याचा आवाज येत होता. काकांनी दार वाजवलं, तसा तो थांबला. दार मात्र उघडलं नाही.