शुक्रवारी मुलगा पुढच्या दाराने येई

माझ्या पतींना स्वतःचं घर सापडेनासं झालं तेव्हा त्यांचं वय एकेचाळीस होतं.

पनवेलला मिठागरांच्या कचेरीत ते कारकून होते. एका सकाळी नेहमीसारखे कामावर गेले आणि दुपारी रोडपालीचा एक आगरी शेतकरी आमच्या दारात उभा राहिला. मिठागरावरच्या ओळखीमुळे त्याला आमचं घर माहीत होतं. "तुमचे सायब आमच्या बांधावर हायत," तो म्हणाला. "घर कुठं, तं सांगता येत नाय त्यांना. मी वळखतो म्हनून आलो." मी गेले तर ते बांधावर बसले होते. कपडे नीटनेटके, डबा मांडीवर. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलीस, रस्ते फार बदललेत." त्या बाजूला रस्ता एकच होता.

मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं. मेंदू झिजत असेल, नाहीतर ताण असेल, या वयात खात्रीने सांगता येत नाही, असं म्हणाले. कचेरीने बिनपगारी रजा दिली. लग्नाआधी मी एका दैनिकात बातम्यांचं भाषांतर करायची. पनवेलमध्ये ते काम नव्हतं, म्हणून शाळेत शिक्षिकेची जागा मिळवली. सोमवारपासून जायचं होतं. मुलगी नऊ वर्षांची, ती संध्याकाळी घरी येई. मुलगा सहा वर्षांचा, त्याचा वर्ग दुपारीच सुटे. दुपारभर त्याला वडिलांपाशी ठेवता येईल का, एवढंच मला ठरवायचं होतं.

सल्ला विचारायला मी मुकादमांकडे गेले. आम्ही बेने इस्रायल. आमच्या मशिदीचा, म्हणजे सिनेगॉगचा, कारभार ते बघत. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. त्या वर्षांत आमची कुटुंबं एकामागून एक इस्रायलला निघाली होती आणि शनिवारी दहावा माणूस जमवायला मुकादमांना घरोघर फिरावं लागे. तो दहावा बहुतेक वेळा माझे पती असत.

मी बांधावरची हकीकत सांगितली. मुकादम हसले. म्हणाले, "सूनबाई, आम्ही चष्मा लावून पुस्तकातली ओळ चुकतो. त्यांना सगळी प्रार्थना पाठ आहे, आणि तुम्ही त्यांनाच विसरभोळे म्हणता?" रस्ता कुणीही चुकतं, असंही ते म्हणाले. मुलाला खुशाल त्यांच्यापाशी ठेवा, बापाइतकं कोण सांभाळील? मला ते पटलं. पटायला हवंच होतं.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी मी शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाचे, दिवे लावले. भिजवलेल्या काळ्या मनुकांचा रस पेल्यात ओतला. पेला हातात धरून माझ्या पतींनी हिब्रू प्रार्थना एकही शब्द न अडखळता म्हटली. मग मुलांना आशीर्वाद द्यायचे. मुलगी पुढे झाली, तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी तिला आशीर्वाद दिला. मग मुलगा आला. त्यांनी हात उचलला नाही. त्याच्याकडे बघत राहिले आणि अगदी मायेने म्हणाले, "बाळ, तू कुणाचा? तुझ्या घरी वाट बघत असतील."

मुलगा हसला नाही, रडलाही नाही. बहिणीकडे बघू लागला. तिने त्याचा हात धरला आणि त्याला मागच्या दाराने बाहेर नेलं. घराला वळसा घालून दोघं पुढच्या दाराने आत आली. "बाबा, भाऊ खेळून आला," ती म्हणाली. त्यांचा चेहरा उजळला. "किती उशीर रे?" असं म्हणत त्यांनी त्याला जवळ ओढलं आणि आशीर्वाद दिला.

प्रार्थनेनंतर त्यांनी माझ्या हाती दिलेला पेला मी खाली ठेवला, एवढंच आठवतं. जेवणं झाल्यावर मुलीला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि हे कधीपासून चाललंय, असं विचारलं. ती म्हणाली, थंडी सुरू झाल्यापासून. तेव्हा उन्हाळा लागत होता.

"रोज करावं लागतं?"

"रोज नाही. अंधार पडला की. एकदा बाबांनी त्याला त्याच्या घरी सोडायला नेलं होतं, पार खाडीपर्यंत. मी मागून गेले."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू बाबांना रागावली असतीस."

दुसऱ्या दिवशी मुकादम त्यांना बोलवायला आले. माझे पती आधीच कपडे करून बसले होते. मी मुकादमांना सांगितलं, "दहावा माणूस घेऊन जा. पण न्यायला तुम्ही या आणि दारापर्यंत पोचवायलाही तुम्हीच या. मुलगा त्यांच्याबरोबर कुठेही जाणार नाही." त्यांनी कारण विचारलं तेव्हा शुक्रवारची हकीकत सांगितली. या वेळी ते हसले नाहीत. टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "दुपारी मी त्यांच्यापाशी बसत जाईन."

सोमवारपासून मुलगा वर्ग सुटल्यावर माझ्या शाळेत येऊन बसू लागला. मुलीला मी सांगितलं, हे काम आता तुझं नाही. "मग कोण करणार?" तिने विचारलं. मी, असं म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी ते मुलाकडे तसेच बघत राहिले. मी त्याला मागच्या दाराने बाहेर नेलं, वळसा घातला आणि पुढच्या दाराने आत आणलं. ते उठून उभे राहिले. मुलाला लगेच ओळखलं, जवळ घेतलं. मग माझ्याकडे वळले आणि नमस्कार केला.

"याला सोडायला आलात? आपण कोण?"

मुलगी म्हणाली, "बाबा, आई आहे."

"याची आई आता येईलच," ते मला म्हणाले. "बसा." आणि त्यांनी मुलीला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. तिने आणून दिलं.