फाटक्या शेपटीचा मासा

खोपट भागातला शोभेचे मासे विकणारा मासेवाला गिऱ्हाइकाशी बोलताना काचेतल्या माशांवरून नजर हटवत नाही. आमच्या टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला, तेव्हा टाकी निर्जंतुक होईपर्यंत वाचलेले सात गोल्डफिश मी त्याच्याकडे ठेवले. त्यातल्या एकाची शेपटी फाटलेली होती. लेकीचा लाडका तोच. पंधरा दिवसांनी मोजून सात मासे परत मिळाले, पण सातही शेपट्या अखंड.

"फाटक्या शेपटीचा कुठला?"

"भरली ना शेपटी, काका. औषधाने भरते," तो म्हणाला. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून.

शेपटी भरते, हे खरंच आहे. घरी लेकीने नेहमीसारखी काचेवर टिचकी मारली. सहा मासे सवयीने खायला वर आले. सातवा तळाशीच थांबला.

"बाबा, हा तोच आहे ना?"

"तोच," मी म्हणालो, तिच्या डोळ्यांत बघून.