मिसेस डोनेलींचा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मराठी मंडळातल्या मैत्रिणींना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. एकवीस वर्षं झाली. आज तुम्ही समोर चहा घेऊन बसला आहात असं धरून चालते — नाहीतर मी पुन्हा गप्प बसेन, त्याची मला चांगली सवय आहे.

शाळेपासून सुरुवात करते. कारण ती शाळा आठवली की अजूनही बरं वाटतं. इथे अमेरिकेत, श्रूजबरीजवळच्या एका लहान गावातली साधी पब्लिक स्कूल, म्हणजे सरकारी शाळा, लाल विटांची. आम्ही नागपूरहून आलो तेव्हा माझी लेक गार्गी सात वर्षांची होती, आणि नेमका जानेवारी. वर्गाबाहेर भिंतीला लागून बर्फात घालायच्या बुटांची रांग, हीटरवर वाळत घातलेले इवले इवले हातमोजे. ओल्या लोकरीचा आणि क्रेयॉनचा तो वास — आता कुठे मिळायचा?

गार्गी शाळेत बोलेना. घरी नुसती बडबड, आणि वर्गाच्या दारात गेली की तोंडाला कुलूप. महिना गेला, दोन गेले, चार गेले. मी रडकुंडीला आले. पण तिच्या टीचर, मिसेस डोनेली — उंच, पांढऱ्या केसांच्या, स्वेटरच्या खिशात कायम टिश्यू — त्या काही घाबरल्या नाहीत. शाळा सुटली की रोज अर्धा तास तिला शेजारी बसवून पुस्तक वाचायच्या. उत्तर मागायच्या नाहीत. आणि एक दिवस बाईंनी पान उलटायच्या आधीच गार्गीने पुढचं वाक्य खणखणीत म्हणून टाकलं! मला ऑफिसात फोन आला. बाईंना धड बोलता येईना, मला तर मुळीच येईना. दोघी फोनवर रडलो, झालं.

दुसरीला त्या होत्या, आणि नशिबाने तिसरीलाही त्याच मिळाल्या. दोन वर्षंच म्हणा. त्यांनी मलासुद्धा सोडलं नाही. दर बुधवारी वर्गात येऊन मुलांना गोष्ट वाचून दाखवायची, असं फर्मान. माझं इंग्लिश कागदावर ठीक, जिभेवर लटपटणारं. दोन वाक्यं झाली की आवाज खाली जायचा. मग मागे त्या लहानशा खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या मिसेस डोनेली तळहात हळूच वर उचलायच्या. जरा मोठ्याने. बस, एवढंच. मी आवाज चढवायची, आणि मुलं टुकूटुकू बघत ऐकत राहायची. मी त्यांच्यासाठी थालीपीठं न्यायची. त्या ती केचप लावून खायच्या, आणि मी मुकाट्याने बघायची.

अजून मुद्द्यावर आले नाही ना? माहीत आहे मला. घुटमळतेय.

तर — नागपूरला शाळेत मी वादविवाद स्पर्धेत ढाल आणणारी मुलगी होते. तुम्हीही केलं असेल. चिठ्ठी उचलायची. 'बाजूने' निघालं तर बाजूने, 'विरुद्ध' निघालं तर विरुद्ध. आवेश तोच, हातवारे तेच. खरं काय ते कुणी विचारायचं नाही, टाळ्या किती पडल्या ते बघायचं. ते सगळं मी अंगात मुरवून इथे आणलं. आणि इथे माझं ऐकतंय कोण? ऑफिसात सगळे "सॉरी?" "सॉरी?" करायचे.

गार्गी पाचवीत असताना गावात चार्टर स्कूलचं घाटायला लागलं. म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण गावाच्या शाळाखात्याच्या हाताखाली नसलेली शाळा. मागे एक श्रीमंत फाउंडेशन. गावात सरळ दोन तट पडले. एक म्हणत, पालकांना निवड नको का? दुसरे म्हणत, मूल गेलं की त्याच्या वाट्याचा पैसाही जातो, मग मागे राहिलेल्यांनी काय करायचं? खरं सांगू, दोघांचंही मला पटायचं. आजही पटतं. पण माझा गुन्हा त्या वादातला नाही. त्याच्या आडोशाला मला लपायचं नाही.

फाउंडेशनच्या एका बाईंनी मला मीटिंगला बोलावलं. त्यांना नव्या शाळेच्या बोर्डावर एक पालक हवा होता, आमच्यासारख्यांतला. मंडळात कशी कोण जाणे बातमी फुटली. गुढीपाडव्याला स्टेजवरून कुलकर्णीकाका म्हणाले, "आपली पहिली बोर्ड मेंबर, बरं का मंडळी!" अजून कशात काही नव्हतं. पण मी नाही म्हटलं नाही. पैठणीचा पदर सावरत हसले. काय गोड वाटलं होतं हो! आज लिहिताना कानशिलं तापतात.

मग जाहीर सुनावणी ठरली. मला तीन मिनिटं बोलायचं होतं. फाउंडेशनच्या बाईंनी मसुदा लिहून दिला — माझ्या मुलीला सुरुवातीला जड गेलं, प्रत्येक मुलाची गरज वेगळी असते, वगैरे. सगळं खरं. आणि सगळं मिळमिळीत. ढाल आणणाऱ्या मुलीला ते कसं रुचावं? मी पेन घेतलं आणि मध्ये एक वाक्य घातलं. माझं मी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी सुचवलंही नव्हतं.

सुनावणी त्याच शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये होती. गार्गी ह्यांच्याबरोबर घरी. मी माइकपाशी गेले आणि बघते तर मागून दुसऱ्या रांगेत मिसेस डोनेली. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला! त्यांना वाटलं असणार, मी शाळेच्या बाजूने बोलायला आलेय. दुसरं काय वाटणार?

मी सुरुवात केली. आणि आवाज खाली गेला, नेहमीसारखाच. तर मागे त्यांचा तळहात हळूच वर आला.

जरा मोठ्याने.

आणि मी — हो, मी आवाज चढवला. म्हणाले, "दोन वर्षं या शाळेत माझ्या मुलीशी एकही माणूस बोललं नाही." मग थांबले. स्पर्धेत थांबतात तशी, मनात तीन आकडे मोजून. तो हात अजून वरच होता. मग तो खाली आला, आणि त्यांनी दुसऱ्या हाताने तो मांडीवर धरून ठेवला.

टाळ्या पडल्या. खूप पडल्या.

त्यांनी उठून एक वाक्य बोललं असतं तर माझं पितळ उघडं पडलं असतं. त्या उठल्या नाहीत. का? मला कधी विचारायचा धीर झाला नाही. त्या उन्हाळ्यात त्या रिटायर झाल्या. मी फोनसुद्धा केला नाही.

मी बोर्डावर गेले. गार्गीचा प्रवेशाच्या लॉटरीत नंबर लागला, नवी शाळा चांगलीच निघाली, ती छान शिकली. जुन्या शाळेतली मुलं मात्र कमी होत गेली. आधी शाळा सुटल्यानंतरचं ते वाचन बंद झालं, काही वर्षांनी शाळाच दुसरीत मिसळून टाकली. माझ्या एका वाक्याने शाळा बुडाली असं मी म्हणत नाही. पण फाउंडेशनने वाटलेल्या प्रत्येक पत्रकावर ते वाक्य होतं, ठळक अक्षरांत, खाली माझं नाव.

आता गार्गी हर्नडनला पब्लिक स्कूलमध्ये तिसरीला शिकवते. वर्गात आपल्या आयटीवाल्यांची नुकती आलेली पोरं — काही न बोलणारी. त्यांना ती शाळा सुटल्यावर शेजारी बसवते. मागच्या रविवारी तिचा फोन आला. तिच्या गावातही तसाच चार्टर स्कूलचा प्रस्ताव आलाय, तशीच सुनावणी आहे. "आई, यू हॅव टू कम. मिसेस डोनेलीबद्दल बोल ना. तुझ्याइतकं छान कुणी नाही सांगणार." मग सहज म्हणाली, "पण आपण ती शाळा का सोडली गं?"

मी म्हटलं, लॉटरी लागली.

काल भाषण लिहायला बसले. लाल विटा आल्या, बूट आले, केचप आलं. डोळे भरून आले माझे, इतकं सुंदर झालं. ते वाक्य तेवढं आलं नाही. तेव्हा कागद फाडला आणि हे लिहिलं. आता हेच गार्गीला पाठवतेय.

गार्गी, त्या शाळेत तुझ्याशी बोलणारं माणूस होतं. रोज अर्धा तास, दोन वर्षं. मला ते माहीत होतं. मी भर सभेत उलट सांगितलं, त्यांच्यासमोर, त्यांनी शिकवलेल्या आवाजात.